पुढच्या मोहाला

प्रज्ञानं मोहाच्या लाडवांचा डबा आणला आणि माझं एका जागी बसणं संपलं.

बचत गटाच्या प्रदर्शनातून माझी लेक तो डबा घेऊन आली होती. मी झाकण उघडलं, वास घेतला आणि उठून उभी राहिले. स्वयंपाकघरात गेले, तिथं काही काम नव्हतं. गॅलरीत आले, तिथंही नव्हतं. पुन्हा डब्याशी आले. भाजलेल्या मोहाचा वास गोड असतो, थोडा करपट, मनुकांना माती लागावी तसा. पण मला हवा होता तो हा नव्हेच. मला हवा होता नुकत्या पडलेल्या फुलाचा, ओला, डोक्यात चढणारा वास. तो डब्यात भरता येत नाही.

"आई, बस ना एका जागी. पुन्हा दम लागंल," प्रज्ञा म्हणाली.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते पंख्याच्या आवाजासारखं झालंय. माझ्या फुप्फुसांना लहानपणापासून दमा आहे. पुढं कोरपन्याकडं शाळेत शिकवताना खडूची भुकटी, कापसाची कुसं आणि दारातल्या कण्हेरीवर रोज बसणारा सिमेंटचा राखाडी थर यांनी त्यात आपापली भर घातली. आता चंद्रपुरात राहते. इथं मार्च म्हणजे बंद खिडक्यांचा महिना. खाली कुणी पालापाचोळा पेटवला की प्रज्ञा वरून ओरडते, मी पंप शोधते आणि घरात सगळे माझ्याकडं असं बघतात की मीच काहीतरी पेटवलंय.

तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं, "मले मोहाखाली जायाचं आहे."

"कुठी?"

"आलापल्लीकडं. आपल्या जुन्या गावाले."

"मार्चमध्ये? आई, त्या जंगलात आता जिकडं तिकडं धूर असंल! डॉक्टर काय म्हणाले होते?"

डॉक्टर म्हणाले होते, धूळ आणि धूर टाळा. दुसरंही काहीतरी म्हणणार होते, पण तेव्हा मीच चष्मा शोधायला लागले होते. कितीक वसंत उरलेत हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. साठी ओलांडलेल्या बाईला गेल्या वर्षी दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं, यात जे समजायचं ते मी समजले आहे. म्हणूनच बसवत नव्हतं.

*

बाबा वनमजूर होते. सागाच्या डेपोपासून थोड्या अंतरावर, गावाला लागून आमची क्वार्टरची ओळ होती. आम्ही मूळचे चिमूरकडचे, नोकरीनं तिकडं गेलेलो. उन्हाळा लागला की बाबा जाळरेषा काढायला जायचे. वणवा पसरू नये म्हणून जंगलात आखून पट्टे जाळून ठेवतात, त्याला जाळरेषा म्हणतात. चार वाजता ते परत येत, पण घरात येत नसत. बोअरिंगवर उघड्या अंगानं बसून आधी अंघोळ करत, शर्ट तिथंच पिळून तारेवर टाकत, मग मला जवळ घेत. त्यांच्या केसांत तरीही धूर असायचाच. मी तोंड फिरवून त्यांच्या मांडीवर बसायची. माझ्यामुळं आमच्या घरात बुद्धवंदनेला मेणबत्ती लागायची, उदबत्ती नाही. शेजारच्या घरून उदबत्तीचा वास आला की आई उठून दार लोटायची आणि तेवढ्यात वंदनेची ओळ चुकायची.

आणि मोह. मोहाची फुलं पहाटे पडायला लागतात. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप् टप्. सागाच्या वाळलेल्या पानावर पडलं की आवाज मोठा, मातीवर पडलं की बुटका. झाडाला तेव्हा पान नसतं, वर नुसती फांदी आणि आभाळ, तरी कुठून पडतं ते दिसत नाही. मान वर करून बघत राहिलं की एखादं कपाळावरच. रसाळ, गुबगुबीत, दातात धरलं की घशापर्यंत गोड. मुंग्या, टोपल्या, बायकांचं हळू आवाजातलं बोलणं, मधूनच कुणीतरी "अस्वल हाय का पाहा वो" म्हणणं. उजाडलं की हरणांच्या खुरांचे ठसे दिसायचे. आपल्या आधी कोणीतरी जेवून गेलंय, असं वाटायचं.

मला तिथं न्यायची चिन्नीबाई.

चिन्नीबाई आमच्या मागच्या घरची. गोंडाघरची सून, नुकतं लग्न झालेली, कपाळावर गोंदण, हसली की आधी खांदे हसायचे. तेव्हा मला ती मोठी बाई वाटायची. आता हिशेब केला की कळतं, ती जेमतेम वीस-बावीसची असेल. आईजवळ तान्हा भाऊ होता, म्हणून मी दिवसभर चिन्नीबाईच्या पदराला. गावात प्रत्येक घराचे मोह ठरलेले असतात. तिच्या घरचा एक मोह नाल्याच्या वर होता, जमिनीपासून दोन फांद्यांत फुटलेला. त्या बेचक्यात मी बसायची.

*

आम्ही भल्या सकाळी निघालो. प्रज्ञा गाडी चालवत होती.

दम्याच्या माणसाचा प्रवास लग्नाच्या बस्त्यापेक्षा किचकट असतो. पंप पर्समध्ये नाही, अंगाशी, ब्लाउजला शिवलेल्या खिशात. गाडीच्या काचेखाली कधीच नाही, तिथं तो उन्हानं तापतो. त्याला जोडायची नळी ओल्या रुमालात. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा चिमटा. पाणी. मास्क तीन, कारण एक घामानं भिजतो आणि एक हरवतो. जेवण अर्धपोट, पोट भरलं की फुप्फुसाला जागा उरत नाही. आणि बोलायचं तर तुकड्या-तुकड्यानं. हा शेवटचा नियम मी आजवर एकदाही पाळलेला नाही.

गोंडपिपरी मागं पडली. पळस पेटलेले होते. मी काच खाली केली, प्रज्ञानं वर केली. मी खाली केली, तिनं वर केली.

"तू लहान पोर आहे का?" ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. त्या रस्त्यावर मी दुसरी कोणी असूच शकत नव्हते.

आष्टीच्या पुढं ट्रक लागले. लोहखनिज भरलेले, एकामागे एक, संपेचनात. रस्ता लाल, झाडं लाल, दुकानांवरची पाटी लाल. काच बंद होती, मास्क होता, तरी घशात खवखवलं आणि मग छातीत ती ओळखीची शिट्टी सुरू झाली. आधी बारीक. मग दोन सुरांत.

प्रज्ञानं गाडी बाजूला घेतली. मी पुढं वाकून कोपरं गुडघ्यांवर टेकवली. नळी लावून पंप घेतला, थांबले, पुन्हा घेतला. बोटाला चिमटा. आकडा बरा नव्हता. फार वाईटही नव्हता.

"परत जाऊ," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती आणि तेच मला सोसत नाही. "आई, मी हात जोडतो. काय आहे तिकडं? एक झाडच ना?"

मला आधी श्वास बाहेर सोडायचा होता. दार उघडून रस्त्याकडेचं एक वाळकं पान उचलून मी तळहातावर ठेवलं आणि ओठांचा चंबू करून हळू फुंकर घातली. पान हललं. पुन्हा. पुन्हा. प्रज्ञा बघत राहिली. तिनं मला हे करताना घरी शंभरदा पाहिलंय, कधी चहाच्या कपावर, कधी वंदनेच्या मेणबत्तीपुढं. पानावर कधी पाहिलं नव्हतं.

*

त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते.

मोह पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात. सगळेच जाळतात. काळ्या राखेवर पांढरं फूल चटकन दिसतं, वेचायला सोपं जातं, अर्ध्या तासात काम होतं. याच पाल्याची आग पुढं जंगलात शिरते म्हणून बाबा दरवर्षी चावडीवर साहेबांची नोटीस वाचून दाखवायचे. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, बाबांना चहा पाजायचे आणि दुसऱ्या दिवशी पाला जाळायचे.

चिन्नीबाईनंही काडी लावली. मी बेचक्यात बसले होते. वारा फिरला. मला एवढंच आठवतं की धूर गरम असतो हे मला माहीत नव्हतं. मग मी खाली होते आणि तिच्या खांद्यावर होते आणि ती नाल्याकडं पळत होती, आणि तिच्या काखेतून घामाचा, मोहाच्या सालीचा वास येत होता.

नाल्याच्या वाळूत तिनं मला बसवलं. झोपवलं नाही. पाठीवर हाताचा पंजा सपाट ठेवला आणि कान लावल्यासारखी ऐकत राहिली. मी तोंड उघडून हवा ओढत होते, ओढत होते, आणि आत जागाच नव्हती.

"आत नोको ओढू पोरी," ती म्हणाली. "बाहीर सोड. आंधी बाहीर."

तिनं तळहातावर एक पान धरलं, माझ्या तोंडासमोर.

"हे पान हालव. उडवू नोको. नुसतं हालव."

मी फुंकलं. उडालं. तिनं दुसरं ठेवलं. तेही उडालं. ती रडत होती, हे मला तेव्हा मजेशीर वाटलं होतं, कारण मी तर रडत नव्हते. कितव्या पानाला कोण जाणे, ते नुसतं हललं.

खूप वर्षांनी दवाखान्यात एका मुलीनं मला शिकवलं, "मावशी, मेणबत्ती विझवायची नाही हं, ज्योत फक्त हलवायची." मला हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला. तिला वाटलं, मी शिकवणं मनावर घेत नाही.

त्यानंतर चिन्नीबाईनं त्या झाडाखाली काडी लावली नाही. बांबूच्या काड्यांचा खराटा घेऊन ती बुंध्यापासून बाहेरच्या अंगाला झाडत जायची, पाला टोपल्यांनी नेऊन नाल्याकाठच्या खड्ड्यात टाकायची. दोन दिवस जायचे. धूळ उडते म्हणून तेवढे दोन दिवस मला घरी ठेवायची. सासू बोलायची, गावच्या बाया हसायच्या. "अंगण हाय का थे?" सगळ्या जंगलात झाडांखाली काळी वर्तुळं आणि हे एकच तांबडं. फूल पडलं की तिथंच आवाज यायचा. राखेवर पडलेलं मोहफूल मुकं असतं. साहेबांच्या नोटिशीनं जे झालं नाही ते माझ्या खोकल्यानं केलं, असं बाबा सगळ्यांना सांगायचे आणि यात कौतुक माझं की चिन्नीबाईचं, हे मला कळायचं नाही.

मग बाबांची बदली झाली. ट्रकवर सामान चढलं. मोह नुकता संपला होता, झाडांना तांबूस पालवी आली होती. मी चिन्नीबाईला म्हणाले, "पुढच्या मोहाले यीन मी."

ती म्हणाली, "ये. झाडून ठेवतो."

पुढच्या मोहाला मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शाळा आली, नोकरी आली, संसार आला, आणि दरवर्षी मार्च आला की घरातलं कोणीतरी म्हणायचं, आता तिकडं धूर असेल. खरंच होतं ते. मीही मान डोलवायची. गावकऱ्यांनी नोटीस ऐकावी तशी ऐकायची, फरक एवढाच की ते नंतर स्वतःला हवं तेच करायचे. मी पन्नास वर्षं ऐकत राहिले.

*

"जायाचंच ना?" प्रज्ञानं विचारलं. शिट्टी उतरली होती.

"जायाचं."

तिनं माझ्या हातातलं पान घेतलं, बघितलं, काचेजवळ ठेवलं आणि गाडी सुरू केली.

गावाचं नाव मी सांगत नाही, तेवढं माझ्याकडं राहू दे. रस्ता डांबरी झालाय, क्वार्टरच्या ओळीत तीनच घरं उभी आहेत, बोअरिंगचा दांडा गेलाय. काही मोहांखाली हिरव्या जाळ्या पसरलेल्या होत्या, म्हणजे फूल वेचायला वाकायलाच नको. बाकी सगळीकडं काळी वर्तुळं. जळून आठवडा झाला असावा, तरी वास होता. मी मास्क घट्ट केला. वीस पावलं चालायची, थांबायचं, झाड धरायचं. वीस पावलं. थांबायचं. धावत जावंसं वाटत होतं आणि पाय तयार होते. माझे पाय कायम तयारच असतात.

नाला आला. वर चढ होता. चढावर मी तीनदा थांबले, तिसऱ्यांदा खालीच बसले. तिथूनच मला दिसलं.

दोन फांद्यांत फुटलेला मोह. आणि त्याच्याखाली तांबडी, स्वच्छ, खराट्याच्या रेघा उमटलेली माती.

एक चाळिशीची बाई फुलं वेचत होती. बुंध्याशी खराटा टेकवलेला. प्रज्ञानं मी कोण ते न सांगताच विचारलं, "ताई, बाकीच्या झाडांखाली जाळलं, याच्याखाली काऊन नाई जाळलं?"

"काय सांगू बाप्पा," ती बाई कंबर सरळ करत म्हणाली. "आमच्या सासूचा हट्ट. दोन दिवस जाते झाडण्यात, हात सोलून निघते. जाळलं त अर्ध्या घंट्याचं काम. पण नाई. म्हणते, थे पोरगी येईन, तिले धूर चालत नाई."

"कोणती पोरगी?"

"कोणाले मालूम. माह्या लग्नाच्या पयलेपासून येऊन राह्यली थे!"

मला खोकला आला. खोकला नव्हताच तो खरं, पण मी त्याला खोकलाच म्हणते.

झाडापलीकडं, नव्या टोपलीशेजारी, पोत्यावर एक म्हातारी बसली होती. मला ती दिसलीच नव्हती. डोळ्यांवर सायीसारखा पडदा, गोंदण सुरकुत्यांत हरवलेलं. तिनं मान वळवली. "सुनीता," ती सुनेला म्हणाली, "कोणाची छाती वाजून राह्यली वो?"

मी जाऊन तिच्यापुढं बसले. नाव सांगायला तोंड उघडलं, पण श्वास पुरेना. तिनं हात पुढं केला, माझा खांदा चाचपला, मागं गेला, आणि पाठीवर पंजा सपाट ठेवला. ऐकत राहिली.

"आत नोको ओढू," ती म्हणाली.

मग मी रडले. अगदी उघड, आवाज करून. प्रज्ञा धावली, पंप काढला. चिन्नीबाईनं तिला हातानं थांबवलं आणि नंतर स्वतःच म्हणाली, "दे, दे. दवाई बी दे." पंप घेतला, थांबले, पुन्हा घेतला. ती माझ्या पाठीवरचा हात न काढता मला रागवत होती. इतके दिवस काऊन लावले. तुह्या बापाचं काय झालं. केस काऊन इतके पिकले. तिला माझे केस दिसत नव्हते, हातालाच कळले असतील.

"दरसाली झाडलं?" मी विचारलं.

"मंग? तूच म्हणून गेली होती ना येतो म्हणून."

पन्नास वसंत ही माती माझ्यासाठी तयार होती. मी कोणत्याही वर्षी येऊ शकले असते. धुराची भीती घालून घरच्यांनी ज्या जागेपासून मला दूर ठेवलं, साऱ्या जंगलात तेवढीच एक जागा बिनधुराची होती. हे कोणाला सांगून भांडावं, ते कळेना. बाबा गेले, आई गेली, भांडायला मीच उरले होते.

एक फूल पडलं. आवाज आला.

आम्ही बराच वेळ बसलो. प्रज्ञानं मास्क काढून फुलं वेचली, एक चाखलं आणि तोंड वेडंवाकडं केलं, मग दुसरं चाखलं. ऊन चढलं. निघायची वेळ झाली तेव्हा सुनीता माझ्याजवळ आली. ती बराच वेळ काहीतरी मनात घोळवत होती, हे मला दिसत होतं.

"बाई, राग नोका मानू. एक इचारू?"

"विचार ना."

"आता तुम्ही येऊन गेल्या. मंग पुढच्या साली जाळलं त चालंल का?"

चिन्नीबाईनं ते पांढरे डोळे माझ्याकडं वळवले. प्रज्ञानं वेचायचं थांबवलं. सुनीताचे हात मला दिसत होते, तळव्यांवर फोड येऊन फुटलेले. तिचं काही चुकत नव्हतं. जाळ म्हणणं सोपं होतं, आणि न्यायाचंही. माझ्यासारखीनं कोणाचे दोन दिवस कोणत्या तोंडानं मागायचे? पुढचा मार्च. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.

मी श्वास आधी बाहेर सोडला.

"नोको जाळू," मी म्हटलं. "पुढच्या मोहाले मी यीन. झाडायले ही येईन, माही पोरगी. दोन दिवस आंधी."

"मी?" प्रज्ञा म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हो. येतो मी."

"मांगं बी असंच म्हणून गेली होती," चिन्नीबाई म्हणाली. हसली नाही. माझा हात मात्र तिनं धरून ठेवला.

सुनीतानं एक उसासा टाकला, आडवा झालेला खराटा उचलला आणि पुन्हा नीट बुंध्याला टेकवून ठेवला.